उंची लागली

काट्यावर उभं राहण्याआधी क्रेनवालीने बूट काढले, कमरेचा पट्टा काढला, खिशातल्या किल्ल्यासुद्धा टेबलावर ठेवल्या. काट्याने तरीही दयामाया दाखवली नाही. एकशे सात किलो. कंपनीच्या डॉक्टरने चष्म्यावरून आकडा वाचला, लिहून घेतला आणि पेनाला टोपण लावता लावता सांगितलं की नवा नियम आलाय.

"वर केबिनमध्ये कुणी बेशुद्ध पडलं तर त्याला दोराने खाली सोडायचा पट्टा असतो ना, तो शंभर किलोचा. त्याहून जड माणूस वर पाठवायचा नाही."

"एकोणीस वर्षं झाली, मी एकदाही बेशुद्ध पडले नाही."

"पट्ट्याला ते माहीत नाही, बाई. दोन महिने देतो. शंभरच्या आत या, नाहीतर खालचं काम बघा."

ज्याने तिला फक्त खाली पाहिलं असेल, त्याला यात एवढं घाबरण्यासारखं काय ते कळणार नाही. खाली ती एक जाड बाई होती. बसमध्ये शेजारचा माणूस उगाच अंग चोरायचा, कपड्यांच्या दुकानातली पोरगी तिने तोंड उघडायच्या आधीच नकाराची मान हलवायची. पण चौसष्ट मीटर शिडी चढून ती त्या काचेच्या केबिनमध्ये बसली, दोन दांडे हातात घेतले, की दोन टनांचा भार अंड्यांची टोपली ठेवावी तसा अलगद टेकवायची. अख्ख्या बांधकामावर तिच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता आणि हे तिच्यावर जळणारेही कबूल करत. ती खुर्ची गेली तर आपलं उरणार काय?

वजन कमी करायचंय एवढं चारचौघांत बोलायची खोटी, ज्यांना स्वतःच्या पोटाचा घेर आवरत नाही तेही वैद्य होतात. शेजारणीने सांगितलं, दुपारपर्यंत नुसती फळं खा. तिने चार दिवस खाल्ली. पाचव्या दिवशी पोट बिघडलं, आणि चौसष्ट मीटरवर संडास नसतो एवढं सांगितलं म्हणजे पुरे. मग वेल्डर म्हणाला, पाव-भात बंद कर, बघ कशी सडपातळ होतेस. तेही केलं. पण तिचा नवरा पावभट्टीत कामाला. सकाळी तो घरी आला की त्याच्या केसांपासून मोज्यांपर्यंत ताज्या पावाचा घमघमाट. आठव्या दिवशी तिने ओट्यापाशी उभ्या उभ्या अख्खा पाव खाल्ला आणि मग बराच वेळ रडली. नवरा बिचारा तिच्या पाठीवरून पिठाचा हात फिरवत राहिला.

शेवटी धाकटी बहीण आली. धाकटीने वर्षात अठरा किलो उतरवले होते आणि ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही असा माणूस सापडणं कठीण होतं.

"ताई, एकच वेळ जेवायचं. संध्याकाळी सहाला. बाकी दिवसभर पाणी आणि बिनसाखरेचा काळा चहा. दोन दिवस डोकं दुखेल, मग सवय होते."

"मला झेपेल?"

"न झेपायला काय झालं? एका आईच्या पोटच्या आपण. मला जमलं, तुला जमणार नाही?"

आणि जमलं की! तीन आठवड्यांत पाच किलो गेले. शिवाय हे तिच्या कामाला सोयीचंही होतं. वरून खाली येऊन पुन्हा वर जायचं म्हणजे पाऊण तास मोडतो, म्हणून क्रेनवर बसणारी माणसं तशीही दिवसा खाण्यापिण्यात हात आखडता घेतात. क्रेनवाली सकाळी पाण्याबरोबर आपली साखरेची गोळी घ्यायची. चार वर्षांपासून डॉक्टरने लावून दिलेली ती गोळी तिने एक दिवसही चुकवली नाही, आणि त्याचा तिला अभिमान होता. गोळी घेऊन ती निघायची, संध्याकाळपर्यंत तोंडात काही नाही. कमरेचा पट्टा तिसऱ्या भोकावर आला. नवऱ्याने एकदा म्हटलं, "तुझा चेहरा उतरलाय." ती म्हणाली, "सगळंच उतरतंय, चेहऱ्याने काय घोडं मारलंय?"

चौथ्या आठवड्यात, एका मंगळवारी अकराच्या सुमाराला, तिच्या मानेवर घाम आला. केबिनमध्ये पंखा चालू होता. घाम थंडगार होता. मग छाती धडधडायला लागली, जिना धावत चढल्यासारखी, आणि बोटं दांड्यांवर थरथरू लागली. तिने सहज खाली पाहिलं. एकोणीस वर्षं ती खाली पाहतच आली होती, तिचं कामच ते. पण त्या दिवशी खालची जमीन तिच्याकडे वर येतेय असं वाटलं आणि तिच्या घशातून बारीकसा आवाज निघाला.

उंची लागली, तिच्या मनात आलं. देवा, मला उंची लागली.

क्रेनवरच्या माणसांत हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. ऊन लागावं, थंडी लागावी, तशी कुणाकुणाला उंची लागते. वीस वर्षं मजेत चढणारा गडी एक दिवस शिडीच्या मध्यावर थिजतो आणि त्याला खाली आणायला दुसरे दोघे लागतात. एकदा लागली की तो माणूस पुन्हा वर जात नाही. तिला काम शिकवणारे उस्ताद सांगायचे, कधी असं वाटलंच तर तीन गोष्टी कर: पोट रिकामं ठेव, म्हणजे डोकं स्थिर राहतं. नजर भारावर ठेव. आणि कुणाजवळ बोलू नकोस, कारण बोललीस की दुसऱ्या दिवशी यादीतून नाव गेलं म्हणून समज. उस्ताद शहाणे होते, पण वैद्य नव्हते.

तिने तिन्ही गोष्टी इमानेइतबारे केल्या. पोट रिकामं होतंच, ते आणखी रिकामं केलं. संध्याकाळचं जेवणही अर्ध्यावर आणलं. भीती गेली नाही. बुधवारी आली, शुक्रवारी आली, पुढच्या आठवड्यात रोज यायला लागली, आणि तीही नेमाने अकरा-साडेअकराला. आता सकाळी शिडीला हात लावतानाच तिचे तळवे ओले व्हायचे. पायऱ्या दोनशे दहा. एकेक मोजत ती चढायची, आणि प्रत्येक पायरीवर वाटायचं की आज आपल्या हातून कुणीतरी मरणार. स्वतः मरायचं भय तिला फारसं नव्हतं. खाली माणसं काम करत होती, त्यांतल्या अर्ध्याअधिकांना ती डोक्यावरच्या टोपीच्या रंगावरून ओळखत होती. त्यांच्या वर दोन टन लोखंड, आणि ते धरणारे हात हे असे. एकदा तिने ठरवलं, आज सांगून टाकू. मग काट्यावर गेली तर आकडा एकशे एक. फक्त एक किलो राहिला होता. ती गप्प बसली. माणूस एका किलोसाठी केवढं पाप डोक्यावर घेतो.

गुरुवारी सळ्यांचा भारा सातव्या मजल्यावर चढवायचा होता. मजल्यावर अकरा माणसं होती. खालून भार सांभाळायचं काम झेंड्याचं. वॉकीटॉकी येण्याआधी तो लाल-हिरवे झेंडे दाखवायचा, म्हणून त्याचं नाव झेंड्या पडलं ते पडलंच. क्रेनवर एक रीत असते: भार हवेत आहे तोवर खालच्याने बोलणं थांबवायचं नाही. खाली घ्यायचा असेल तर "खाली, खाली, खाली," असं तो सतत म्हणत राहणार. आवाज थांबला की वरच्याचे हात थांबले पाहिजेत, मग काहीही होवो.

"खाली, खाली, खाली," झेंड्या म्हणत होता, "सावकाश, खाली, खाली..."

तिला आवाज ऐकू येत होता. शब्दही ऐकू येत होता. पण खाली म्हणजे काय, ते तिला आठवेना. दोन दांडे समोर होते. कुठला दांडा कशाचा? पुढे ढकलला की भार उतरतो की वर जातो? दहा हजार वेळा केलेली गोष्ट पाटी पुसावी तशी डोक्यातून पुसली गेली होती. काचेच्या कडा काळ्या पडल्या. घामाने सदरा पाठीला चिकटला. तिने दोन्ही हात सोडून दिले. दांडे आपोआप मध्यावर आले, आणि भारा अकरा माणसांच्या डोक्यावर झुलत थांबला.

"ताई? ताई, काय झालं?"

हे सगळं सगळ्यांना ऐकू जातं. मुकादमापासून भांडार सांभाळणाऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या कमरेला तोच आवाज लागलेला. तिने बटण दाबलं. जीभ जड झाली होती.

"माणसं... बाजूला काढ. सगळी."

"का? दोर बरा आहे ना?"

"मला उंची लागलीय."

मग झेंड्याचं ओरडणं सुरू झालं आणि टोप्या पळताना दिसल्या, पिवळ्या, निळ्या, एक पांढरी. मजला रिकामा झाला.

"ताई, आता माझं ऐक. तुझा उजवा हात वर कर. हा उजवा, ज्याने जेवतेस तो. दांड्यावर ठेव. आता तुझ्यापासून लांब ढकल. थोडासा. हां. लांब, लांब, लांब, लांब..."

तो लहान मुलाला भरवावं तसा बोलत राहिला आणि ती ऐकत राहिली. भारा टेकला. सळ्यांचा आवाज वरपर्यंत आला. झेंड्या म्हणाला, "आता काही करू नकोस. शिडीला हात लावू नकोस. मी येतोय."

हे ऐकून खाली जी माणसं होती ती एकमेकांकडे पाहायला लागली, असं तिला नंतर कळलं. कारण झेंड्या खालचा माणूस का होता हे जुन्या सगळ्यांना ठाऊक होतं. विशीत तोही वर बसायला शिकत होता. तिसाव्या पायरीवर त्याला उंची लागली. त्यानंतर तो घरातल्या स्टुलावर चढूनसुद्धा दिवा बदलत नसे.

तो आला. किती वेळ लागला तिला माहीत नाही. केबिनचं दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा होता, डोळे तिच्यावर खिळलेले, आणि एका हाताने त्याने दाराची चौकट अशी धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. आत यायचं त्याला जमेना. तिथूनच त्याने तिच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं.

"ताई, ही उंची नाही."

"आहे रे. मला कळतं ना."

"मला जास्त कळतं. माझ्याकडे बघ. उंची लागलेला माणूस काहीतरी धरून ठेवतो, मेला तरी सोडत नाही. तू काय धरलंयस?"

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर उघडे पडले होते, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे.

झेंड्याने मोकळ्या हाताने वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि नर्सबाईंना हाक मारली. बांधकामावरच्या दवाखान्यात बसणाऱ्या त्या बाई कधी आवाज चढवत नसत. त्यांनी एवढंच विचारलं, "घाम थंड आहे का? आज तिने काय खाल्लंय?"

"काल संध्याकाळी सहाला," क्रेनवाली म्हणाली. "थोडा भाजीचा रस्सा."

"आणि साखरेची गोळी?"

"ती सकाळी घेतली की. ती मी कधीच चुकवत नाही."

मग नर्सबाईंनी आवाज चढवला. "अरे, गोड काहीतरी घाल तिच्या तोंडात! काहीही! आत्ता!"

दिवसभर बोलून घसा सुकतो म्हणून झेंड्याच्या खिशात लिंबाच्या गोड गोळ्या असायच्या. पण त्या काढायच्या तर चौकटीवरचा किंवा वॉकीटॉकीचा, कुठला तरी हात सोडायला हवा होता. त्याने वॉकीटॉकी केबिनच्या आत टाकला. सहा गोळ्या निघाल्या. "चोखू नकोस, चाव," तो म्हणाला, आणि एकेक करून त्याने त्या तिच्या तोंडात घातल्या. दातांखाली कडकड आवाज होत होता. ती शाळकरी पोरीसारखी चावत राहिली.

पंधरा मिनिटं गेली असतील. आधी बोटं थांबली. मग छाती. मग काचेच्या कडा उजळल्या आणि तिला कळलं की आपल्याला भूक लागलीय, साधी, सरळ भूक. तिने खाली पाहिलं. चौसष्ट मीटर होते तेवढेच होते. जमीन जागच्या जागी होती. तिला काही म्हणजे काही वाटलं नाही, आणि तेव्हा ती ढसाढसा रडली. तीन आठवडे आपण ज्याला घाबरत होतो ते हे होतं! आणि त्या अकरा टोप्या!

"बरं वाटलं?" झेंड्याने डोळे मिटूनच विचारलं.

"हो."

"मग आता मला खाली ने. मला एकट्याला जमणार नाही."

तीच आधी उतरली. त्याचा एकेक पाय हाताने धरून पायरीवर ठेवत, "खाली, खाली, खाली," असं बोलत तिने त्याला दोनशे दहा पायऱ्या उतरवलं.

खाली नर्सबाईंनी तिचं बोट टोचलं. "एवढं खाऊनसुद्धा साखर फक्त बासष्ट. वर किती होती देव जाणे. बाई, ती गोळी खाल्लेल्या अन्नातली साखर उतरवायला दिलेली. अन्नच नाही म्हटल्यावर ती रक्तातली होती-नव्हती साखरही खरवडून काढणार. उपास करायचा तर डॉक्टरला विचारावं की नाही?"

"बहिणीला झेपलं म्हणून..."

"बहीण गोळी घेते?"

नव्हती घेत. संध्याकाळी धाकटी आली ती दारातच रडायला लागली, मीच तुला मारणार होते म्हणून. क्रेनवालीने तिला जवळ घेतलं. "एका आईच्या पोटच्या असलो तरी पोट ज्याचं त्याला असतं गं," ती म्हणाली. धाकटीने नाक पुसलं आणि दहा मिनिटांनी दुसराच काही उपाय सांगायला सुरुवात केली. नवऱ्याने तिला गोडीगुलाबीने दाराबाहेर काढलं.

क्रेनवरून तिचं नाव गेलंच. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरने गोळी बदलली, जेवणाचा तक्ता मात्र छापील दिला नाही. बोट टोचायचं छोटं यंत्र दिलं आणि सांगितलं, काय खाल्लंस आणि साखर किती आली ते लिही, दोन आठवड्यांनी ये. मधले दिवस फार वाईट गेले. न खाण्याचं भय होतंच, त्यात आता खाण्याचंही आलं. घास हातात घेऊन ती बसून राहायची. खाल्ला तर किलो वाढतील, नाही खाल्ला तर तो थंड घाम येईल. पण वहीने हळूहळू सांगायला सुरुवात केली. भात खाल्ला की तासाभरात साखर चढते आणि पुढच्या तासाला झोप येते. दोन अंडी, वाटीभर भाजी आणि नवऱ्याच्या भट्टीतल्या जाड्याभरड्या पावाचा एकच तुकडा खाल्ला, तर दुपारपर्यंत सगळं ठीक. पाव चालतो हे कळल्यावर नवरा तिच्यापेक्षा जास्त खूश झाला. अकराला मूठभर शेंगदाणे, दुपारी पोटभर जेवण, रात्रीचं लवकर आणि हलकं. धाकटीला असं खाऊन आठ दिवसांत दोन किलो चढले असते. हिचे महिन्याला दोन उतरले. काही आठवडे तर उतरलेच नाहीत, आणि त्या आठवड्यांत घरात कुणी तिच्याशी फार बोलायला जात नसे.

मुदत टळली. महिनाभर तिने खाली सळ्या मोजल्या, मान वर न करता. मग एका सोमवारी काटा नव्व्याण्णव पूर्णांक सहावर थांबला. मोठ्या डॉक्टरने वहीची पानं उलटून चिठ्ठी दिली, आणि कंपनीच्या डॉक्टरने चष्म्यावरून पाहून सही केली.

दुसऱ्या दिवशी ती चढली. नाश्ता झाला होता, शेंगदाणे खिशात होते, चढायच्या आधी यंत्रावर साखर एकशे अठरा आली होती. खुर्चीत बसली. दांडे हातात घेतले. आणि छाती धडधडायला लागली.

तिने घाईघाईने बोट टोचलं. एकशे एकवीस. यंत्र चुकत असेल म्हणून दुसरं बोट टोचलं. एकशे वीस. घाम येत होता, आणि तो गरम होता. तिचे हात खुर्चीच्या कडेला गेले आणि त्यांनी ती घट्ट आवळली. तीन आठवडे रोज अकराला जे तिने या केबिनमध्ये भोगलं होतं, ते गोळी बदलून गेलं नव्हतं. ते इथेच बसून राहिलं होतं. या वेळी साखरेवर ढकलायची सोय नव्हती.

खाली नवव्या मजल्यावर टोप्या हलत होत्या. उस्तादांचा तिसरा नियम तिला आठवला. बोललीस की नाव गेलं. गप्प बसता येईल, तिने विचार केला. आता आपण शंभरच्या आत आहोत, कागदावर सही आहे, कुणाला कळणार नाही. मग तिने खुर्चीवरचा एक हात सोडवला, त्याला बराच वेळ लागला, आणि बटण दाबलं.

"झेंड्या, साखर ठीक आहे. पण मला भीती वाटतेय. ही खरी आहे."

ते सगळ्यांनी ऐकलं. नवव्या मजल्यावरच्या टोप्या थांबल्या. चेहरे वर झाले. कुणी हसलं नाही. मग कुणीही न सांगता त्या सगळ्या टोप्या एकेक करून भाराच्या वाटेतून बाजूला झाल्या आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

"जागा मोकळी आहे, ताई," झेंड्या म्हणाला. "भार नंतर. आधी रिकामा हूक आण. घाई कुणालाच नाही."

भीती तिथेच होती. तिने दुसरा हातही सोडवला आणि दांड्यांवर ठेवला.